काल रात्री, रंकाळ्याच्या मागे

हिवाळ्यातली गोष्ट आहे. इशाची नमाज झाली होती, जेवणे आटोपली होती, अम्मी तस्बीह घेऊन अंथरुणावर बसल्या होत्या आणि आम्ही मोबाईल बघत होतो. मुलांनी मोबाईल किती पाहावा यावर याच सदरात आम्ही बरेच शहाणपण सांगितले आहे, म्हणून ही कबुली आधीच देऊन टाकतो.

नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक क्लिप आली. अवघी चौदा सेकंदांची. अरुंद गल्ली, अंधार. कुणीतरी मोबाईल हातात धरून पळते आहे. चित्र इतके हलते की पाय, भिंत, गटार, पुन्हा पाय, एवढेच दिसते. धापा ऐकू येतात. लांब कुठेतरी कुत्री भुंकत असतात, ती एकदम गप्प होतात. बॅटरीचा झोत समोरच्या भिंतीवर पडतो. तिथे काहीतरी उभे असते. माणसापेक्षा उंच, हात गुडघ्यांच्याही खाली आलेले. ते मान वळवू लागते, तोच मोबाईल हातातून पडतो आणि सगळे काळे. खाली मराठीत मजकूर: काल रात्री, रंकाळ्याच्या मागे. मुलांना अंधारात बाहेर सोडू नका. सर्वांना पाठवा.

आम्ही ती तीनदा पाहिली. मग दोन ग्रुपवर पुढे पाठवली. एक गल्लीचा, दुसरा पुतण्याच्या शाळेतल्या पालकांचा. वर ‘खरे-खोटे माहीत नाही, पण काळजी घ्यावी’ असे लिहायला विसरलो नाही. एवढे लिहिले की आपली जबाबदारी संपली असे माणसाला वाटते.

पुतण्या अकरा वर्षांचा आहे. तो आमच्या खांद्यामागून पाहत होता हे आम्हांला उशिरा कळले.

“बडे अब्बा, हे आपल्या रंकाळ्याच्या मागचं आहे?”

“तू झोप जा.”

हे उत्तर नव्हते, आणि मुलांना ते बरोबर कळते. त्या रात्री त्याने दिवा मालवू दिला नाही. फजरला रोज आपल्या अब्बांचे बोट धरून जाणारा मुलगा दुसऱ्या पहाटे पांघरुणातून बाहेर येईना. तिसऱ्या पहाटेही तेच. अम्मींनी त्याच्यावर दम केला, उशाशी पाणी ठेवले. तो अम्मींच्या कुशीत झोपू लागला.

आमची भाची कॉलेजसाठी आमच्याकडेच राहते. सुट्टीत ती माहेरी, म्हणजे आमच्या बहिणीकडे, गेली होती. (लग्न झालेले नसताना ‘माहेर’ कसे म्हणता, असे ती हे वाचून विचारणारच.) परत आल्यावर तिने क्लिप पाहिली आणि हसली. मग पोराचा चेहरा दिसल्यावर गप्प झाली. दहा मिनिटे ती आपल्या मोबाईलमध्ये शोधत बसली आणि मग आमच्यासमोर येऊन म्हणाली, “मामू, हा ट्रेलर आहे. एका परदेशी सिनेमाचा. हे बघा, पावणेदोन मिनिटांचा आहे. तुमचे चौदा सेकंद मधले आहेत. पडदा काळा झाल्यावर सिनेमाचं नाव येतं, तारीख येते, कंपनीचं नाव येतं. तेवढं कुणीतरी कापलंय.”

आम्ही पूर्ण ट्रेलर पाहिला. तीच गल्ली, तेच पाय, तीच भिंत. रंकाळा नव्हता, कोल्हापूर नव्हते, ‘काल रात्री’ तर नव्हतेच. आम्हांला राग आला, आणि लाज जास्त वाटली.

सिनेमा पाहावा की पाहू नये, हा वाद आम्ही या सदरात काढत नाही. ज्यांच्या घरी पाहत नाहीत त्यांच्याही खिशात तो आता येऊन बसला आहे. तेव्हा तो कसा बनतो हे समजून घेतलेले बरे. पुढचे दोन-तीन दिवस आम्ही भाचीची शिकवणी लावली. पुतण्या आधी दाराआडून ऐकत होता, नंतर मांडीवर येऊन बसला.

या प्रकारच्या सिनेमाला ‘फाउंड फुटेज’ म्हणतात. सापडलेले चित्रण, असे म्हणू. कथा अशी रचायची की काही माणसे कॅमेरा घेऊन कुठेतरी गेली, परत आली नाहीत, आणि मागे फक्त त्यांनी घेतलेले चित्रण सापडले. तेच आता तुम्ही पाहत आहात. दिग्दर्शक नाही, नट नाही, संगीत नाही, असे दाखवायचे. खरे तर सगळे असते. दिसू द्यायचे नाही, एवढेच.

या प्रकारातला सगळ्यांत गाजलेला सिनेमा ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’. अमेरिकेत १९९९ साली आला. तीन विद्यार्थी एका जंगलात चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट करायला जातात आणि नाहीसे होतात, एवढीच गोष्ट. मूळ चित्रीकरण काही हजार डॉलरांत झाले, आणि जगभरात कमाई झाली चोवीस कोटी डॉलरांच्या वर. चेटकीण पडद्यावर एकदाही दिसत नाही. मग लोक भ्याले कशाला? भाचीने आधी सिनेमा दाखवलाच नाही, जाहिरात दाखवली. सिनेमा येण्याआधी त्याची एक वेबसाइट उघडली होती. तिच्यावर त्या दंतकथेचा इतिहास, पोलिसांच्या तपासाची छायाचित्रे, सापडलेल्या वस्तू. आणि भिंतीवर लावायला कागद काढले होते ते सिनेमाच्या पोस्टरसारखे नव्हतेच. तिघांचे साधे फोटो, वर ‘बेपत्ता’, खाली वर्णन. आपल्याकडे पोलीस ठाण्याच्या फलकावर किंवा एस.टी. स्टँडच्या खांबावर लागतो तसा कागद. असा कागद दिसला की आपण जाहिरात म्हणून वाचत नाही. कुणाचे तरी लेकरू हरवले म्हणून वाचतो. सगळी युक्ती इथेच आहे.

त्या तिघा कलाकारांनी सिनेमात आपली खरी नावे वापरली होती. प्रदर्शनाच्या सुमारास त्यांना लोकांसमोर येऊ दिले गेले नाही, कारण बेपत्ता माणूस मुलाखत कशी देणार? चित्रपटांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवरही ‘बेपत्ता, बहुधा मृत’ अशी त्यांची नोंद होती. त्यांतल्या तरुणीच्या आईकडे सांत्वनाची पत्रे आली. मुलगी जिवंत, आणि आईला पुरसा. हे ऐकून अम्मींनी कानाला हात लावला. पंचवीस वर्षांनी, २०२४ मध्ये, या तिघांनी कंपनीला जाहीर पत्र लिहून आपल्या नावांच्या वापराबद्दल आणि न मिळालेल्या मोबदल्याबद्दल विचारणा केली. खेळ जगाने पाहिला, पण नाव त्यांचे वापरले गेले.

दुसरा ट्रेलर ‘क्लोव्हरफील्ड’ या सिनेमाचा. हा राक्षसाचा सिनेमा. जुलै २००७ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या सिनेमाच्या आधी हा ट्रेलर अचानक पडद्यावर आला. त्याला नावच नव्हते. घरगुती कॅमेऱ्याने काढल्यासारखी एका मित्राला निरोप द्यायची पार्टी. लोक हसतात, कॅमेऱ्याकडे बघून शुभेच्छा देतात, कुणाचा अर्धा चेहरा चौकटीबाहेर जातो. आपल्या घरच्या अकीक्याच्या किंवा वलीम्याच्या व्हिडिओत जसे होते, अगदी तसे. मग जमीन हादरते, दिवे जातात. लोक गच्चीवर धावतात, लांब स्फोट होतो. रस्त्यावर पळापळ, आणि आकाशातून काहीतरी येऊन दाणकन रस्त्यावर आदळते. ते स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचे मुंडके असते. शेवटी नाव नाही, फक्त तारीख: १८ जानेवारी २००८. त्या काळात लोक विचारत राहिले, हा सिनेमा कसला, आत आहे काय? पोस्टरवरही राक्षस नव्हता. मुंडके उडालेला तो पुतळा आणि मागे धुमसणारे न्यूयॉर्क, बस.

भाचीने ट्रेलर मध्येच थांबवून विचारले, “राक्षस कुठे दिसला?”

पुतण्या म्हणाला, “दिसलाच नाही.”

“मग तू घाबरलास कशाला?”

तो विचारात पडला. मग म्हणाला, “तो पुतळा मला माहितेय. पुस्तकात आहे.”

पोराने बरोबर बोट ठेवले. राक्षस कुणी पाहिलेला नसतो, त्यामुळे तो दाखवून कुणाची खात्री पटत नाही. पण पुतळा सगळ्यांना ठाऊक असतो. ओळखीची वस्तू मोडलेली दाखवली की ती मोडणारा कसा असेल, हे प्रत्येक जण आपापल्या मनात रंगवतो, आणि मनाइतका चांगला चित्रकार कुठल्याच कंपनीकडे नोकरीला नसतो. आमच्या क्लिपमध्ये पुतळा नव्हता, पण खालच्या ओळीत रंकाळा होता. जी जागा आपण रोज पाहतो, जिथे भेळ खातो, तिचे नाव घातले आणि काम झाले.

कॅमेरा हलता ठेवण्याचेही तसेच. चांगला कॅमेरामन चित्र स्थिर ठेवतो. चित्र हलले म्हणजे घेणारा आपल्यासारखाच कुणीतरी, जीव घेऊन पळणारा, असे आपण धरून चालतो. हलण्यामुळे नीट दिसत नाही, आणि नीट न दिसणे हेच तर त्यांना हवे असते. ‘क्लोव्हरफील्ड’ पाहताना इतके हलायचे की अमेरिकेतल्या काही चित्रपटगृहांना ‘मळमळ होऊ शकते’ अशा सूचना लावाव्या लागल्या. संगीत काढून टाकतात, कारण खऱ्या संकटात मागे कुणी तबला-पेटी वाजवत नाही. उरतो तो श्वास, पावले, कुत्र्यांचे भुंकणे. आणि आम्हांला सगळ्यांत चकित केले ते या गोष्टीने, की धापांना भाषा नसते. त्या ट्रेलरमध्ये कुणी एक शब्द बोलला असता तर क्लिप परदेशची आहे हे अम्मींनीही ओळखले असते. शब्द नव्हता, म्हणून ती गल्ली कोल्हापूरची होऊ शकली. उद्या तीच बीडची होईल, परवा बेळगावची.

तिसरा नमुना ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’चा. दिग्दर्शकाने तो स्वतःच्याच घरात, साधारण पंधरा हजार डॉलरांत चित्रित केला होता. २००९ मध्ये तो चित्रपटगृहांत आला तेव्हा त्याच्या ट्रेलरमध्ये सिनेमा थोडा आणि सिनेमा पाहणारे लोकच जास्त होते. अंधाऱ्या चित्रपटगृहात हिरवट उजेडात खुर्च्यांना घट्ट धरून बसलेले, दचकणारे, तोंडावर हात ठेवणारे प्रेक्षक. पडद्यावर काय आहे हे कळायच्या आधी त्यांच्याकडे पाहून आपण घाबरतो. आम्हांला आमचा ग्रुप आठवला. क्लिप आल्यावर पाच मिनिटांत खालाजानचा व्हॉइस मेसेज आला होता, “या अल्लाह, माझं तर काळीज थरथरतंय.” मग भाभीचा, मग इचलकरंजीच्या फुफीजानचा. चौदा सेकंदांच्या क्लिपपेक्षा त्या तीन आवाजांनीच आम्हांला जास्त पटवले. फुकटची जाहिरात, आणि करणारे घरचे.

एवढे पाहून झाल्यावर आम्ही भाचीला म्हटले, आता आमची पाळी. आम्ही तिला आणि पुतण्याला घेऊन खरी कॉर्नरला गेलो. तिथे कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. कोल्हापूरची निम्मी माणसे रोज त्याच्या बाजूने जातात आणि वर पाहत नाहीत, आम्हीही त्यांतलेच.

नाटकाच्या पडद्यावर रंग देणारे बाबूराव मिस्त्री, पुढे बाबूराव पेंटर, यांनी याच गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. परदेशी कॅमेरा परवडत नव्हता म्हणून त्यांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने तो स्वतः बनवला. १९१८ मध्ये तो तयार झाला. पैसे कमी पडले तेव्हा गायिका तानीबाई कागलकर यांनी मदत केली. १९२० चा ‘सैरंध्री’ हा त्यांचा पहिला चित्रपट. त्यातला कीचकवध लोकांना इतका खरा वाटला की ते दृश्य पुढे गाळावे लागले, असे चित्रपटाच्या इतिहासात लिहिलेले आहे. म्हणजे ‘खरे वाटणे’ ही गोष्ट अमेरिकेने १९९९ साली शोधलेली नाही. आमच्या गावाने ती मूकपटाच्या काळातच करून दाखवली होती, आणि घाबरून डोळे मिटणारे प्रेक्षकही पाहिले होते.

पोस्टरही इथलेच. बाबूराव मुळात चित्रकार, त्यामुळे आपल्या सिनेमांची पोस्टरे तेच रंगवत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे त्यांचे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांत गणले जाते. शिवाजी महाराजांनी कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला सन्मानाने परत पाठवले, ती कथा. पुढे याच कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी ‘मुगल-ए-आझम’ची पोस्टरे रंगवली आणि १९६० मध्ये मुंबईच्या मराठा मंदिरची दर्शनी सजावटही केली. शिवाजी महाराजांचे जे चित्र सरकारी कचेऱ्यांत दिसते तेही याच कांबळ्यांच्या हातचे. आणि आपल्या पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत तरुणपणी पोट भरायला सिनेमाचे बोर्डच रंगवत होते. शिडीवर चढून, नायिकेच्या एका डोळ्याला दिवसभर रंग देत.

आमच्या अब्बांना हे बोर्ड पाहायचे वेड होते. सिनेमाला पैसे नसत, पण नवा बोर्ड चढला की पाहायला ते टॉकीजसमोर उभे राहत. त्यांच्याकडून ऐकलेले आम्हांला आठवते: बोर्डावर नायकाचे गाल गुलाबी, खलनायकाची दाढी निळी, घोडा माणसाएवढाच लहान. खोटे आहे हे दहा पावलांवरून कळायचे, आणि तरीही पाय तिथून निघायचा नाही. बोर्डाच्या कोपऱ्यात रंगवणाऱ्याची सही असायची. ही सही आम्ही पुतण्याला मुद्दाम समजावून सांगितली. हे आम्ही केले आहे, तिकीट काढून आत या आणि आवडले नाही तर आम्हांला शिव्या द्या, असे सांगणारी ती सही.

बेपत्ताच्या कागदावर सही नसते. ‘हे कुणी केलेलेच नाही’ असे तो कागद म्हणतो.

भाचीला आमचे हे म्हणणे पटले नाही. ती म्हणाली, “मामू, तुम्ही उगाच जुन्याचं कौतुक करता. ब्लेअर विचवाल्यांनीही शेवटी सही केलीच की. सिनेमाच्या शेवटी सगळ्यांची नावं येतात. तिकिटावर सिनेमाचं नाव असतं. माणूस दार उघडून बाहेर येतो तेव्हा रस्त्यावर उजेड असतो. फसवायचं, पण दार उघडं ठेवून. आपल्या क्लिपवाल्याने दारच काढून नेलं.”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. तिचेच खरे आहे असे आता वाटते. भीती घालणारा सिनेमा आणि भीती पसरवणारी क्लिप यांत चित्रांचा फरक शून्य असू शकतो. फरक शेवटच्या पाच सेकंदांचा आहे. नाव, तारीख, कंपनी. ट्रेलरची तारीख ठरलेली असते आणि ती उलटून जाते. ‘काल रात्री’ मात्र कधीच उलटत नाही. ही क्लिप वर्षभराने कुणाला आली तरी ती ‘काल रात्री’चीच असेल.

ही पाच सेकंदे कापल्याने काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१८ सालचा उन्हाळा वाचकांना आठवत असेल. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा देशभर मोबाईलवरून फिरत होत्या. त्यांतली एक क्लिप दुकानावरच्या सीसीटीव्हीची वाटावी अशी होती. वरून घेतलेले, आवाज नसलेले चित्र. गल्लीत मुले खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका पोराला उचलतात आणि निघून जातात. पाहून पोटात गोळा यावा अशी. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघे परत येतात, पोराला खाली उतरवतात आणि कॅमेऱ्यासमोर एक फलक धरतात. मूल पळवायला क्षणभरच लागतो, लक्ष ठेवा, असा त्याचा आशय. चांगल्या हेतूने केलेले काम. कुणीतरी पोर परत येते तो भाग कापला आणि पोर गेले तेवढेच ठेवले.

त्या वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारे समजून. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भटके लोक होते, भिक्षा मागून पोट भरणारे. त्यांच्याकडे कुठलेही पळवलेले मूल नव्हते. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आम्ही तर दोनच ठिकाणी पाठवला होता. मर्यादेत होतो.

आता गल्लीचे सांगतो. ते सांगायचे टाळत टाळत इथवर आलो.

आमच्या भागात पहाटे एक बाई भंगार वेचायला येते. बरीच वर्षे येते. प्लास्टिक, पुठ्ठा, बाटल्या. थंडीत ती डोक्यावरून काळी घोंगडी घेते आणि पाठीवर तिच्याहून मोठे पोते असते. अंधारात, मागून पाहिले तर ती उंच आणि वेडीवाकडी दिसते, हे मान्य केले पाहिजे. क्लिप आल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या पहाटे गल्लीतल्या चार-पाच पोरांनी तिला कोपऱ्यावर अडवले. पोरे आमच्याच ओळखीची, काहींच्या लग्नाला आम्ही जाणार आहोत. त्यांच्या हातात काठ्या होत्या. एकाने मोबाईलचा उजेड तिच्या तोंडावर धरला आणि दुसऱ्याने व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. पोते उलटे करून रस्त्यावर ओतले. कुठली, कशाला येतेस, पोते कशाला, आधार कार्ड दाखव. बाई रडायला लागली. नमाजहून परतणाऱ्या दोघा बुजुर्गांनी पोरांना दटावून बाजूला केले, म्हणून तेवढ्यावर भागले. आमचा भाऊ त्या दोघांच्या मागेच चालत होता. त्याने घरी येऊन सांगितले तेव्हा आम्ही चहा पीत होतो.

पोरांना विचारले, तुम्हांला हे कुणी सांगितले? ती म्हणाली, ग्रुपवर आले होते. ग्रुपवर कुणी टाकले होते, हे त्यांनी अदबीने सांगितले नाही. नाव आमचेच होते.

भाचीने मूळ ट्रेलर शोधून दिल्यावर आम्ही तो दोन्ही ग्रुपवर टाकला. पूर्ण, शेवटच्या नावासह. खाली लिहिले की आधीची क्लिप आम्ही न तपासता पाठवली, चूक आमची. पालकांच्या ग्रुपवर सहा अंगठे आले. गल्लीच्या ग्रुपवर एकाने लिहिले, “तरी पण काळजी घेतलेली बरी.” क्लिप मात्र तोवर कुठल्या कुठे गेली होती. निपाणीच्या एका नातेवाइकाने परवा ती आम्हांलाच पाठवली. आता खाली रंकाळ्याऐवजी तिथल्या एका तळ्याचे नाव होते.

पुतण्याची भीती गेली ती वेगळ्याच मार्गाने. एका रविवारी त्याने आणि भाचीने मागच्या बोळात स्वतः फिल्म काढली. दादीची चादर, दोन लांब काठ्या, बॅटरी. पळताना धापा कमी पडतात म्हणून त्याने आधी बोळाला चार फेऱ्या मारल्या. शेजारचा कुत्रा मात्र वेळेवर भुंकेना, त्याला बिस्किटे द्यावी लागली. आम्ही पाहिली, खरे सांगतो, एका जागी आम्हीही दचकलो. शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत त्याने नावे टाकली होती. कॅमेरा: आपा. राक्षस: दादीची चादर. कुत्रा: शेजारचा. तारीखही घातली होती. अम्मींनी ती फिल्म चारदा पाहिली आणि प्रत्येक वेळी आपल्या चादरीचे नाव आल्यावर हसल्या. पुढच्या पहाटे तो फजरला गेला.

त्या बाईकडे आम्ही गेलो होतो. बसायला जागा नव्हती, उभ्यानेच बोलणे झाले. आम्ही माफी मागितली तर ती गोंधळली, तिला क्लिप वगैरे काही ठाऊक नव्हते. तिच्याकडे साधा मोबाईल आहे, बटणांचा. पोरांनी पोते का ओतले, हे तिला अजून नीटसे कळलेले नव्हते. आम्ही सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, “भाऊ, जाऊ दे.”

ती आमच्या गल्लीत अजून येते, पण पहाटे नाही. चांगले उजाडल्यावर, सातच्या पुढे. तोवर घंटागाडी येऊन गेलेली असते.